गप्प बसली म्हणजे ‘हो’ म्हणाली का?

कांदेपोह्यांचा कार्यक्रम ज्यांनी पाहिला आहे त्यांना हे आठवेल. मुलाकडची मंडळी निघून गेलेली असतात. मावशी आतल्या खोलीत जाऊन मुलीला विचारते, ‘काय गं, आवडला का?’ मुलगी खाली बघते, काहीच बोलत नाही. मावशी बाहेर येऊन जाहीर करते, ‘पसंत आहे हो, लाजतेय नुसती.’ ‘मौनं संमतिलक्षणम्’ हे वचन एरवी ज्याला संस्कृतचा गंध नाही त्यालाही पाठ असतं. मुलगी लाजत असेलही. घाबरली असेल, किंवा तिच्या मनात दुसराच कुणी असेल. मावशीनं प्रश्न विचारला खरा, पण उत्तर येईपर्यंत थांबली नाही.

न थांबण्याची ही सवय शरीरसंबंधांच्या बाबतीत थेट गुन्ह्यापर्यंत जाते. आणि तिच्यावर आपल्या सर्वोच्च न्यायालयानं एकदा शिक्कामोर्तबही केलं होतं. ती गोष्ट महाराष्ट्रातलीच आहे.

२६ मार्च १९७२. तेव्हाच्या चंद्रपूर आणि आताच्या गडचिरोली जिल्ह्यातलं देसाईगंज, म्हणजे वडसा. चौदा ते सोळा वर्षांची एक आदिवासी मजूर मुलगी. भावानं केलेल्या तक्रारीच्या चौकशीसाठी तिला रात्री पोलीस ठाण्यात बोलावलं. जबाब झाल्यावर घरच्यांना बाहेर काढलं आणि तिला आत थांबवून घेतलं. ठाण्यातल्या शिपायानं तिच्यावर बलात्कार केला आणि हेड कॉन्स्टेबलनं विनयभंग केला, असा आरोप होता. कायद्याच्या पुस्तकांत हा खटला ‘तुकाराम विरुद्ध महाराष्ट्र राज्य’ असा सापडतो. तो मुलीच्या नावानं जास्त ओळखला जातो, पण ते नाव मी इथे लिहीत नाही. का, ते पुढे येईल.

सत्र न्यायालयानं १९७४ मध्ये दोघांना सोडून दिलं. मुलीला शरीरसंबंधांची सवय आहे, असं डॉक्टरी तपासणीवरून काढलेलं अनुमान त्यामागे होतं. १९७६ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठानं निकाल फिरवला. भीतीपोटी देह हवाली करणं वेगळं आणि इच्छा असणं वेगळं, असं खंडपीठानं स्पष्ट म्हटलं आणि दोघांनाही शिक्षा दिली. १९७८ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं ती शिक्षाही रद्द केली. अंगावर जखमा नाहीत, आरडाओरडा केला नाही, म्हणजे जे झालं ते निमूटपणे, राजीखुशीनं झालं, असा त्या निकालाचा रोख होता. रात्रीची वेळ, बंद ठाणं, समोर वर्दीतली माणसं. तिनं ओरडून कुणाला बोलवायचं होतं? पोलिसांना?

वर्षभरानं, सप्टेंबर १९७९ मध्ये, उपेंद्र बक्षी, लोतिका सरकार, वसुधा धागमवार आणि रघुनाथ केळकर या कायद्याच्या चार अभ्यासकांनी सरन्यायाधीशांना खुलं पत्र लिहिलं. शरण जाणं आणि संमती देणं यांतला फरक न्यायालयाला दिसू नये याचं त्यांना आश्चर्य वाटलं होतं. पत्रानंतर मुंबईसह अनेक शहरांत बायका रस्त्यावर उतरल्या. १९८३ मध्ये कायदा बदलला. कोठडीतल्या बलात्काराच्या खटल्यात संबंध आल्याचं सिद्ध झालं आणि बाईनं ‘माझी संमती नव्हती’ असं साक्षीत सांगितलं, तर न्यायालय ते गृहीत धरेल, अशी तरतूद आली. पण ‘संमती म्हणजे काय’ हे कायद्यात नीट लिहायला २०१३ उजाडावं लागलं. डिसेंबर २०१२ मध्ये दिल्लीत बसमध्ये घडलेल्या प्रकरणानंतर न्यायमूर्ती वर्मा समिती बसली आणि त्यानंतरच्या दुरुस्तीत ती व्याख्या आली.

आता भारतीय दंड संहिता जाऊन भारतीय न्याय संहिता आली आहे (१ जुलै २०२४ पासून; त्याआधी घडलेल्या गुन्ह्यांना जुनाच कायदा लागतो). व्याख्या मात्र तीच, कलम ६३ मध्ये. सोप्या मराठीत ती अशी: संमती म्हणजे स्पष्ट, स्वेच्छेनं दिलेला होकार. तो शब्दांनी, हावभावांनी किंवा इतर कुठल्याही प्रकारे व्यक्त केलेला असावा आणि त्या विशिष्ट कृतीसाठी असावा. पुढे एक वाक्य जोडलेलं आहे, आणि देसाईगंजच्या मुलीला त्याचा उपयोग झाला असता: केवळ शारीरिक प्रतिकार केला नाही एवढ्यावरून बाईची संमती होती असं मानता येणार नाही.

या व्याख्येतला प्रत्येक शब्द कामाचा आहे, पण लोक सगळ्यात जास्त अडखळतात ते ‘विशिष्ट’ या शब्दावर. चुंबनाला हो म्हटलं म्हणजे पुढच्या सगळ्याला हो झालं, असं होत नाही. काल हो म्हटलं होतं ते कालपुरतं. कंडोम वापरायचं ठरवून हो म्हटलं असेल, तर तो होकार कंडोमसकट होता. आणि सुरू झाल्यावर मधेच ‘थांब’ म्हटलं तर थांबायचं. ‘आता इथपर्यंत आल्यावर कसं थांबणार’ असं म्हणणारा मुलगा दारावर कुणी टकटक केली तर एका सेकंदात थांबतो, हे सगळ्यांना ठाऊक आहे.

आता प्रतिकाराचं. ‘एवढंच होतं तर ओरडली का नाही, लाथ का नाही मारली?’ कॉलेजात या विषयावर बोलायला गेले की हा प्रश्न येतोच, आणि फक्त मुलांकडून येतो असं नाही. याचं उत्तर आपल्या भाषेत आधीपासून आहे. भीतीनं बोबडी वळते. दातखीळ बसते. हातपाय गळतात. माणूस जागच्या जागी थिजतो. मोठ्या धोक्यापुढे शरीर लढतं किंवा पळतं, आणि ही दोन्ही दारं बंद आहेत असं मेंदूनं ठरवलं तर ते गोठून जातं. हे ठरवून होत नाही. साप समोर आल्यावर खिळून उभ्या राहिलेल्या माणसाला ‘साप आवडला होता का?’ असं आपण विचारत नाही. आठवणींचंही तसंच. अशा वेळी मेंदू घटना क्रमानं साठवत नाही. भिंतीवरच्या कॅलेंडरचा रंग लख्ख आठवतो आणि किती वाजले होते ते आठवत नाही. ऐकणाऱ्याला हे विसंगत वाटतं, म्हणून ते खोटं ठरत नाही.

मग कुणी म्हणेल, प्रत्येक वेळी काय लेखी घ्यायचं? नाही. ज्याला समोरच्या माणसाची पर्वा आहे त्याला समोरचा माणूस कळतो, आणि कळत नसेल तेव्हा तो विचारतो. ‘बरं वाटतंय ना? थांबू का?’ एवढ्यानं कुठलाही रोमान्स मरत नाही. तीनदा ‘नको’ म्हणून चौथ्या वेळी गप्प झालेली मुलगी तयार झालेली नसते, ती थकलेली असते. ‘माझ्यावर प्रेम नाही का’, ‘मग मी जीवच देतो’, ‘फोटो आहेत माझ्याकडे’ हे तिन्ही दबाव आहेत, फक्त चढत्या क्रमानं. जिवाची किंवा इजेची भीती घालून मिळवलेली संमती कायदा मानत नाही, मग भीती तिच्या स्वतःच्या जिवाची असो की तिच्या जवळच्या माणसाच्या. नुसत्या भुणभुणीनं मिळवलेला होकार न्यायालयात बलात्कार ठरेलच असं मी सांगणार नाही. पण न्यायालयात टिकेल एवढंच करायचं, ही काही माणसानं स्वतःसाठी आखायची रेघ नव्हे.

काही प्रसंगांत गोंधळ फार होतो. मुलगी रूमवर आली, लॉजवर आली, लोणावळ्याला बरोबर आली: ती तिथे यायला तयार होती, एवढाच याचा अर्थ. दारू प्यायलेली असेल आणि आपण कशाला हो म्हणतोय हे समजण्याच्या अवस्थेत नसेल, तर तिचा ‘हो’ हा ‘हो’ नाही. दारू तिनं स्वतःच्या पैशानं प्यायली असली तरी. झोपेत किंवा बेशुद्धीत असलेल्या माणसाची संमती असूच शकत नाही. साखरपुडा झालाय, तारीख काढलीये, आता काय हरकत आहे? हरकत तिला आहे की नाही हे तिनं सांगायचं. लग्न करण्याचा हेतूच नसताना लग्नाचं वचन देऊन संबंध ठेवणं हा नव्या संहितेत कलम ६९ खाली वेगळा गुन्हा आहे, शिक्षा दहा वर्षांपर्यंत. खरोखर लग्नाचं ठरलेलं पुढे मोडलं, तर ते यात बसत नाही.

अठरा वर्षांखालच्या मुलीच्या किंवा मुलाच्या संमतीला कायद्यात अर्थ नाही. २०१२ चा पॉक्सो कायदा मुलगा-मुलगी असा भेद करत नाही, आणि मुलावर अत्याचार झाल्याचं कळूनही न कळवणं हा त्यात गुन्हा आहे. सतरा वर्षांच्या दोन मुलांचं खरंखुरं प्रेमप्रकरणही या जाळ्यात सापडतं. हे मला व्यक्तिशः पटत नाही, पण आज कायदा तसा आहे.

आणि नवरा? इथे ‘संमती’ या शब्दाचा मराठीतला इतिहास आडवा येतो. १८९१ च्या संमतीवयाच्या कायद्यावरून महाराष्ट्र दुभंगला होता. मुलीशी, बायको असली तरी, संबंध ठेवण्याचं किमान वय दहावरून बारा करायचं, एवढाच तो कायदा. आगरकर बाजूनं, टिळक विरोधात. त्याआधी चारच वर्षं रखमाबाईंना मुंबईच्या न्यायालयानं सांगितलं होतं, नवऱ्याकडे नांदायला जा नाहीतर तुरुंगात जा. त्या म्हणाल्या, तुरुंगात जाते. (प्रकरण तडजोडीनं मिटलं, त्या इंग्लंडला जाऊन डॉक्टर झाल्या.) आज नव्या न्याय संहितेतही अठरा वर्षांवरच्या बायकोशी नवऱ्यानं बळजबरी केली तर त्याला बलात्कार म्हणत नाहीत. वेगळी राहत असेल तरच गुन्हा, तोही कमी शिक्षेचा. पण बायकोच्या हातात काहीच नाही असं समजू नका. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्यात लैंगिक छळ येतो. त्याखाली संरक्षणाचा आदेश, घरात राहण्याचा हक्क, खर्च मागता येतो. आणि २९ सप्टेंबर २०२२ ला सर्वोच्च न्यायालयानं म्हटलं आहे की गर्भपाताच्या कायद्यापुरता ‘बलात्कार’ या शब्दात नवऱ्यानं केलेली बळजबरीही धरायची.

आता घडून गेल्यानंतरचं

समजा रात्री साडेअकराला फोन वाजतो. मैत्रीण आहे, भाची आहे, ऑफिसातली सहकारी आहे. ती सांगते, किंवा सांगता सांगता थांबते. पहिलं काम: ती आत्ता सुरक्षित आहे का, ते विचारा. नसेल तर ११२. असेल तर तिच्याकडे जा किंवा तिला बोलवून घ्या. ‘तिथे गेलीसच कशाला’ हा प्रश्न तोंडाशी येईल, गिळा. ‘तू सांगितलंस ते बरं केलंस, माझा विश्वास आहे तुझ्यावर’ हे म्हणा. पुढचं सगळं तिला विचारून करा. तिच्या इच्छेविरुद्ध एकदा घडलेलं आहे. आता मदत करणाऱ्यांनीही तिला न विचारता इकडून तिकडे नेलं, तर तिच्या दृष्टीनं तेच परत सुरू झालं.

माझं मत स्पष्ट आहे: आधी दवाखाना, मग पोलीस. क्रम उलटा असला तरी कायद्यानं चालतं, पण घड्याळ औषधांचं चालू असतं.

नको असलेली गर्भधारणा टाळायची गोळी ७२ तासांच्या आत घ्यायची असते. जितकी लवकर, तितका उपयोग जास्त. एचआयव्हीची लागण टाळण्यासाठीची औषधंही ७२ तासांच्या आत सुरू व्हावी लागतात, शक्यतो पहिल्या काही तासांतच, आणि मग २८ दिवस रोज घ्यायची. मधे सोडायची नाहीत. मळमळ होते, पण ती डॉक्टरांना सांगून आवरता येते. शिवाय हिपॅटायटिस-बीची लस, धनुर्वाताचं इंजेक्शन, इतर गुप्तरोगांसाठी प्रतिजैविकं आणि जखमांवर उपचार. एवढं सगळं पहिल्या भेटीत मिळायला हवं. कुणी विसरलं तर मागा. नाव न आठवलं तर ‘एचआयव्हीसाठीच्या गोळ्या’ म्हटलं तरी कळतं.

सरकारी असो की खासगी, प्रत्येक रुग्णालयानं अशा व्यक्तीवर प्रथमोपचार आणि उपचार मोफत केलेच पाहिजेत. नकार देणाऱ्याला एक वर्षापर्यंत शिक्षा होऊ शकते. ‘आधी एफआयआरची प्रत आणा’ असं कुणी म्हणालं तर ते चूक आहे. पोलिसांचा कागद नसताना उपचारही होतात आणि तपासणीही. रुग्णालय पोलिसांना कळवतं, ते त्यांच्यावर बंधनकारक आहे. पण तिला तक्रार द्यायची नसेल तर तसं नोंदवून घेतलं जातं, आणि त्यामुळे उपचार थांबत नाहीत.

पुरावा. आंघोळ न करता, कपडे न बदलता, शक्य असेल तर लघवीलाही न जाता रुग्णालयात पोचलं तर उत्तम. गुंगीचं काही पाजलं असल्याचा संशय असेल तर पहिली लघवी महत्त्वाची असते; थांबणं शक्य नसेल तर स्वच्छ बाटलीत धरून ठेवा. कपडे बदललेच असतील तर जुने धुऊ नका, कागदी पिशवीत घालून बरोबर न्या. प्लॅस्टिकच्या पिशवीत ओल धरते आणि नमुने खराब होतात. फोनमधले मेसेज पुसू नका, कितीही किळस आली तरी.

आणि आंघोळ केली असेल तर? बहुतेक जणी करतात. अंग घासून घासून करतात. तरीही जा. केंद्रीय आरोग्य मंत्रालयाच्या २०१४ च्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे ९६ तासांपर्यंत शरीरावरचे नमुने घेतले जातात. त्यानंतरही तपासणी आणि उपचार होतातच. एक वर्षानं गेलात तरी तुमचं म्हणणं ऐकून नोंदवणं हे डॉक्टरांचं काम आहे.

तपासणीच्या टेबलावर पुन्हा तोच शब्द येतो: संमती. डॉक्टरांनी प्रत्येक पायरी आधी समजावून सांगायची आणि तिची परवानगी घ्यायची. बारा वर्षांवरच्या मुलीची परवानगी तिच्याकडूनच घ्यायची असते. ती काही भागाला हो आणि काही भागाला नको म्हणू शकते. म्हणजे उपचार हो, नमुने हो, आतून तपासणी नको, असंही चालतं. विश्वासाचं माणूस जवळ ठेवता येतं. आणि ‘दोन बोटांची चाचणी’ करायचीच नाही. देसाईगंजच्या मुलीला ‘सवय’ असल्याचा शिक्का ज्या जातीच्या तपासणीतून बसला, तीच ही. सर्वोच्च न्यायालयानं २०१३ मध्ये ती खासगीपणाच्या हक्काविरुद्ध ठरवली आणि ३१ ऑक्टोबर २०२२ ला आणखी कडक शब्दांत सांगितलं की ही चाचणी करणारा डॉक्टर गैरवर्तनाचा दोषी धरला जाईल. योनिपटल फाटलेलं आहे की नाही, यावरून काहीच सिद्ध होत नाही. बलात्कार झाला की नाही, हे ठरवणं डॉक्टरांचं कामही नाही. त्यांनी जे दिसलं ते लिहायचं. जखम दिसली नाही, तर ‘जखम दिसली नाही’ एवढंच.

सगळीकडे हे असंच चालतं का? नाही. रात्रपाळीचा डॉक्टर नवखा असतो, कपाटाची किल्ली कुणा दुसऱ्याकडे असते, स्त्री डॉक्टर दुसऱ्या दिवशी येणार असतात. म्हणूनच बरोबर जाणाऱ्याला हे माहीत असायला हवं. मुंबईत २००० च्या सुमारास वांद्र्याच्या भाभा रुग्णालयात महापालिका आणि ‘सेहत’ या संस्थेनं मिळून ‘दिलासा’ केंद्र सुरू केलं, नंतर ते इतर रुग्णालयांतही गेलं. तिथे समुपदेशक रुग्णालयातच बसते. राज्यात आणि गोव्यातही ‘सखी’ वन स्टॉप सेंटर आहेत, जिथे काही दिवसांचा निवारा, वकील, समुपदेशन आणि पोलिसांशी बोलणं एका ठिकाणी होतं. जवळचं केंद्र कुठे आहे ते १८१ वर विचारा. मुलांसाठी १०९८.

गर्भ राहिलाच, तर २०२१ च्या दुरुस्तीनंतर अत्याचार झालेल्या बाईला २४ आठवड्यांपर्यंत गर्भपात करून घेता येतो. वीस आठवड्यांपर्यंत एका डॉक्टरचं मत पुरतं, त्यापुढे दोघांचं. नवऱ्याची किंवा वडिलांची सही सज्ञान बाईला लागत नाही. अल्पवयीन मुलीच्या बाबतीत पालकाची संमती लागते, आणि डॉक्टरांना पोलिसांना कळवावं लागतं. पण मुलीनं आणि पालकांनी विनंती केली तर तिचं नाव न सांगताही कळवता येतं. हेही गर्भपाताबद्दलच्या २९ सप्टेंबर २०२२ च्या निकालात आहे.

पोलीस ठाणं

घटना कुठल्याही हद्दीत घडलेली असो, तक्रार कुठल्याही ठाण्यात नोंदवता येते. याला झिरो एफआयआर म्हणतात. पुण्यात घडलं आणि ती नाशिकला आईकडे आली असेल, तर नाशिकचं ठाणं ‘पुण्याला जा’ म्हणू शकत नाही. तक्रार महिला अधिकाऱ्यानंच नोंदवायची. पुढचा तपासातला जबाब ती राहते तिथे किंवा ती सांगेल तिथे घ्यायचा, आणि त्या वेळी घरचं माणूस किंवा सामाजिक कार्यकर्ती जवळ असू शकते. एफआयआरची प्रत मोफत मिळते. सही करण्याआधी वाचून बघा. मुलगी म्हणाली एक आणि कागदावर आलं ‘सदर इसमाने लग्नाचे आमिष दाखवून’, असं होतं. हे वाक्य लिहिणाऱ्याच्या हातात इतकं बसलेलं असतं की लग्नाचा विषयही न निघालेल्या प्रकरणात ते उमटतं. जे झालं नाही ते खोडायला लावा. पुढे उलटतपासणीत त्याच एका वाक्यावर तासभर जातो.

नोंदवून घेतच नसतील, तर लेखी तक्रार पोस्टानं पोलीस अधीक्षकांकडे, शहरात आयुक्तांकडे पाठवा. तिथेही काही झालं नाही तर दंडाधिकाऱ्यांकडे जाता येतं. अशी तक्रार नोंदवायला नकार देणं हाच अधिकाऱ्यासाठी गुन्हा आहे: किमान सहा महिने, कमाल दोन वर्षं सक्तमजुरी. हे न्याय संहितेतलं कलम १९९. मोठ्या आवाजात म्हणायची गरज नाही, शांतपणे आकडा सांगितला तरी पुरतं.

उशीर झाला असेल तर? बलात्काराच्या तक्रारीला मुदत नाही. आणि १९९६ मध्ये, पंजाबातल्या एका खटल्यात, सर्वोच्च न्यायालयानं सांगून ठेवलं आहे की अब्रूच्या भीतीनं कुटुंबं थांबतात, तेव्हा केवळ उशिरामुळे तक्रार खोटी ठरत नाही. साक्ष विश्वासार्ह असेल तर एकट्या तिच्या साक्षीवरही शिक्षा होऊ शकते. तिचे आधी कुणाशी संबंध होते, हा संमती ठरवताना पुरावा धरता येत नाही. १९७४ चं सत्र न्यायालय ज्या पायावर उभं होतं तो पाया आता कायद्यानं काढून घेतला आहे. वकिलांच्या प्रश्नांत तो अजून डोकावतो, तेव्हा सरकारी वकिलानं हरकत घ्यायची असते. सुनावणी बंद दालनात होते.

तिची ओळख उघड करणं हाही गुन्हा आहे, दोन वर्षांपर्यंत शिक्षा. नाव, फोटो, शाळा, गल्ली, ‘अमक्याची मुलगी’, ज्यावरून ओळख पटेल ते सगळं यात येतं. गावच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर श्रद्धांजली किंवा निषेध म्हणून टाकलेला फोटोसुद्धा. ही तरतूदही १९८३ च्याच दुरुस्तीतली. जिच्या प्रकरणामुळे ती आली, तिचं नाव मात्र आजही सगळीकडे छापलं जातं. म्हणून मी वर लिहिलं नाही.

वकील परवडत नाही, हे कारण बाईच्या बाबतीत गैरलागू आहे. विधी सेवा प्राधिकरणाकडून कुठल्याही महिलेला, उत्पन्न कितीही असो, मोफत वकील मिळतो. जिल्हा न्यायालयाच्या आवारात त्यांचं कार्यालय असतं, फोन १५१००. तिथेच महाराष्ट्राच्या मनोधैर्य योजनेचा अर्ज करता येतो. २०१३ पासूनची ही योजना, मदत दहा लाखांपर्यंत, प्रकरणाच्या स्वरूपाप्रमाणे. पैसे घेतले म्हणजे केस पैशासाठी केली, असं शेजारी म्हणतील. ही भरपाई सरकार देतं, आरोपी नव्हे. मिटवून घेण्यासाठी कुणी दिलेली रक्कम आणि ही रक्कम यांचा एकमेकींशी संबंध नाही.

पुरुषांचं काय? सज्ञान पुरुषावर अत्याचार झाला तर नव्या संहितेत त्यासाठी बलात्काराचं कलम नाही, आणि ‘अनैसर्गिक’ संबंधांबद्दलचं जुनं कलम ३७७ ही आता गेलं. मारहाण, धमकी अशा इतर कलमांवर भागवावं लागतं. ट्रान्सजेंडर व्यक्तींसाठी २०१९ च्या कायद्यात कलम आहे, पण शिक्षा कमाल दोन वर्षं. ही पोकळी आहे आणि ती लाजिरवाणी आहे. उपचारांच्या बाबतीत मात्र २०१४ च्या सूचना सगळ्यांना सारख्याच लागू आहेत. ७२ तासांचं घड्याळ पुरुषालाही तेच, एचआयव्हीच्या गोळ्याही त्याच.

तक्रार करायची की नाही, हे सज्ञान व्यक्तीनं स्वतः ठरवायचं. दोन दिवसांत ठरवलं पाहिजे असं नाही. म्हणून दवाखान्याचे कागद नीट जपून ठेवा. ठरलं की उपयोगी पडतात. तारीख-वारासह काय घडलं ते तिला जमेल तसं, जमेल तेव्हा लिहून ठेवायला सांगा. तुम्हाला तिचा फोन किती वाजता आला आणि ती काय बोलली, हे तुम्हीही लिहून ठेवा. पुढे तुमची साक्ष होऊ शकते.

नंतरचे दिवस सरळ जात नाहीत. पहिल्या आठवड्यात ती हसेल, ऑफिसला जाईल, लग्नाला जाऊन जेवून येईल, आणि लोक म्हणतील, ‘हिला काही झालेलं दिसत नाही.’ मग तीन महिन्यांनी एखाद्या आफ्टरशेव्हच्या वासानं बसमधून मधेच उतरेल. झोप न लागणं, अंगाला हात लागला की दचकणं, स्वतःचीच किळस येणं हे बऱ्याच जणींना होतं आणि त्यावर उपचार आहेत. १४४१६ हा टेलि-मानसचा नंबर आहे. तिथे मराठीत बोलता येतं, चोवीस तास, मोफत. जीव नकोसा झाल्याचं ती बोलली, तर तिला एकटं सोडू नका.

आणि २८ दिवसांच्या गोळ्यांचं लक्षात ठेवा. पहिल्या रात्री बरोबर असलेली माणसं आठव्या दिवशी आपापल्या कामाला लागलेली असतात. अकराव्या दिवशी, रात्री नऊला, ‘गोळी घेतलीस का?’ असा मेसेज टाका. उत्तर आलं नाही तर फोन करा.